६ मिलीच्या प्लेटला २२ चं भोक, बॅटरीच्या ड्रिलवर

आज सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत शेडच्या बेस प्लेटला (खांबाखालच्या लोखंडी प्लेटला) भोकं पाडायची होती. मॅग्नेटिक ड्रिल (चुंबकाने प्लेटला चिकटून बसणारं) बसायला जागाच नाही, म्हणून १८ व्होल्टचं बॅटरी ड्रिल आणि बायमेटल होल सॉ, म्हणजे कडेला दात असलेली वाटीसारखी गोल करवत. काम होतं, पण घाई अजिबात चालत नाही.

गिअर १ वर, हॅमर मोड बंद, बाजूचं हँडल लावलेलंच हवं. सेंटर पंचने (टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने) भोकाच्या मध्यावर खोल खूण मारा, नाहीतर होल सॉच्या मधलं पायलट बिट सरकतं. २२ मिलीला ३५० आरपीएमच्या आसपास पुरे. वेग वाढवला की दात निळे पडतात आणि मग ते कापत नाहीत, नुसते घासतात. कीस बघत राहा: जाडसर कुरळा येतोय तोवर ठीक, भुकटी यायला लागली की दाब कमी पडतोय किंवा दात गेलेत.

एक युक्ती सगळ्यांनी करावी. होल सॉची गोल खाच थोडी पडली की त्या खाचेतच ५ मिलीचं एक आरपार भोक मारा, आतल्या, कापून निघणाऱ्या चकतीच्या बाजूला झुकतं, बाहेरच्या कडेला धक्का न लावता. कीस तिथून खाली पडतो, दात तुंबत नाहीत. कटिंग ऑइल थेंबथेंब चालू ठेवा.

शेवटचा अर्धा मिली सगळ्यात धोक्याचा. दात अडकला की ड्रिल हिसका देतं, मनगट मुरगळतं. तिथे दाब सोडा, ड्रिल सरळ धरा. सुती हातमोजे नकोत, गॉगल हवाच.

आणि सोलापूरच्या उन्हात बॅटरी पत्र्यावर ठेवू नका. तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही.