पितळी उंबऱ्यापासून कटांजनापर्यंत

कोल्हापूरला मी लहानपणापासून जातेय. आत्याचं घर मंगळवार पेठेत, त्यामुळे अंबाबाईचं दर्शन म्हणजे दुपारी जेवून चपला सरकवल्या की पायी जाऊन यायची गोष्ट. पण किरणोत्सव, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणं थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो सोहळा, बघायचा मात्र राहून गेला होता. दर नोव्हेंबरला आत्याचा फोन यायचा, "आज किरणं कटांजनापर्यंत आली बघ," आणि मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून नुसतं ऐकायची. कटांजन म्हणजे गाभाऱ्यात मूर्तीसमोरचा कठडा. शेवटी एका वर्षी रजा टाकली आणि 10 नोव्हेंबरला सकाळीच कोल्हापूर गाठलं. देवळातल्या गरुड मंडपाचं काम सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

देवळात अडीचलाच शिरलो. "लवकर चल, नाहीतर उभारायला जागा मिळायची नाही," असं म्हणत आत्यानं मला जवळजवळ ओढतच नेलं. महाद्वार रोडवर नेहमीचीच झुंबड. ओटीची ताटं, खण, वेण्या, साज आणि ठुशी लटकवलेली दुकानं, मधूनच वाट काढणारी रिक्षा. त्या गोंगाटातून महाद्वाराच्या आत पाऊल टाकलं की तळपायाला गार फरशी लागते आणि आवाज बदलतो. तो बदल मला दरवेळी नव्यानं जाणवतो.

वेळ होता म्हणून आधी प्रदक्षिणा घातली. या देवळाकडे सावकाश बघायचं तर बाहेरूनच बघावं. खालचं सगळं बांधकाम काळ्या दगडाचं आणि भिंत कुठेच सरळ जात नाही. ती कोनाकोनांनी मोडत, पुढे-मागे होत फिरते आणि प्रत्येक कोनावर एक मूर्ती उभी. कुणाच्या हातात वाद्य, कुणी नृत्याच्या पवित्र्यात. कितीतरी मूर्तींची नाकं आणि हात तुटलेत, पण कमरेची लय तशीच आहे. शिलाहार, यादव अशा अनेक राजवटींचे हात या दगडांना लागलेत. वरची शिखरं मात्र नंतरची, विटा-चुन्याची. पूर्व दरवाजाजवळ शेषशायी विष्णूचं छोटं देऊळ आहे. तिथं मान वर करून बघा, मंडपात जैन तीर्थंकर कोरलेले दिसतील. घाटी दरवाजाच्या बाजूला मणिकर्णिका कुंड आहे. माझ्या लहानपणी तिथं कुंड होतं हेच कुणाला दिसत नव्हतं, कारण ते बुजवून टाकलं होतं. अलीकडे खोदून मोकळं केलं, तेव्हा आत्या खास बघायला गेली होती.

मूर्तीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. बाहेरगावचे लोक महालक्ष्मी म्हणतात, कोल्हापूरकर अंबाबाई म्हणतात. मूर्ती पाषाणाची, चतुर्भुज. हातांत म्हाळुंगाचं फळ, गदा, ढाल आणि पानपात्र, पाठीशी सिंह, आणि मस्तकावर नाग व लिंग. गाभाऱ्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर मातृलिंगाचं देऊळ आहे. आक्रमणांच्या काळात ही मूर्ती पुजाऱ्यांच्या घरी लपवून ठेवली होती आणि 1715 च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. देवीला कुणाच्या तरी घरात, आपल्या चुलीजवळ, गुपचूप सांभाळलं गेलं होतं. हा विचार मनात आला की दर्शनाच्या रांगेत माझे डोळे भरून येतात.

किरणोत्सव वर्षातून दोनदा असतो. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. देवळातले बाकी उत्सव तिथीनं येतात, हा तारखेनं येतो, कारण इथं गणित सूर्याचं आहे. 10 नोव्हेंबर हा वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या 41 दिवस आधी येतो आणि 1 फेब्रुवारी त्याच्या 42 दिवस नंतर. म्हणजे दक्षिणेकडे जाताना आणि परत येताना सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी मावळतो. त्या जागेचा नेम धरून देवळाची सगळी दारं एका रेषेत बसवली आहेत. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमर, तिसऱ्या दिवशी चेहरा, असा किरणांचा क्रम.

चार वाजता गरुड मंडपात बसकण मारली. सागवानी खांब, वर कोरीव कमानी, आणि खाली मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. माझ्या शेजारी एक आजीबाई, कडेवर नातू. "पोराला दाखवायचं हाय," एवढंच म्हणाल्या आणि त्याला माझ्या मांडीवर दिला. पाच वाजून गेले तसं बोलणं आपोआप कमी झालं. गाभाऱ्यातले दिवे मालवले.

मग मागून, रंकाळ्याच्या दिशेनं, ऊन आलं. महाद्वाराच्या कमानीतून आत शिरलं, मंडपात आमच्या खांद्यांवर पडलं, आणि त्या पट्ट्यात धुपाचा धूर वळसे घेताना दिसू लागला. माणसं पट्ट्यातून बाजूला सरकली. ऊन गणपती चौक ओलांडून कासव चौकात गेलं. तिथून पितळी उंबरा. तो उंबरा पेटलाच जणू! शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या धातूवर तो लालसर रंग असा चढला की पुढच्या रांगेतून "आई अंबाबाई" असा एकच हुंकार उठला. पुढे चांदीचा उंबरा. तिथं तोच रंग जरा फिका, दुधी झाला. मग गाभारा, मग कटांजन. आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. साडेपाचच्या पुढं काही मिनिटांनी किरणं चरणांवर आली. साडीचे काठ उजळले. वर सरकत गुडघ्यांपर्यंत आली आणि तिथंच फिकी होत होत विझली. क्षितिजावर ढग होता.

घंटा वाजल्या, आरती सुरू झाली, आणि माझ्या मांडीवरचं पोरगं टाळ्या वाजवायला लागलं. मला मात्र त्या ढगाची हुरहूर लागली. आत्या म्हणाली, "ढगाचं काय एवढं? ढग उद्या जाईल. इमारती जायच्या न्हाईत."

तिचं बोलणं खरं आहे. मावळतीचं ऊन अगदी आडवं, जमिनीलगत येतं. महाद्वारासमोरच्या रस्त्यावर कुणी एक मजला चढवला, गच्चीवर पाण्याची टाकी बसवली, दुकानाचा फलक चार हात पुढे काढला, तरी ते अडतं. हवेतली धूळ आणि बाष्पही त्याला खातं. वर्षानुवर्षं मोजमापं होतात, अडथळ्यांच्या याद्या होतात. ज्यांनी हे देऊळ रचलं त्यांनी गाभाऱ्यापासून क्षितिजापर्यंतची मोकळी जागाही देवळातच धरली होती. ती आपल्या हातून निसटते आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दगडाचा खांब पडला तर आपण धावत जातो, मग उन्हाच्या या वाटेसाठी का नाही?

रजा एकाच दिवसाची होती. 11 तारखेला दुपारी चारच्या गाडीनं पुण्याला निघाले. आत्या एकटीच देवळात गेली. कराडच्या आसपास फोन वाजला. पलीकडे घंटांचा इतका कल्लोळ की शब्द नीट कळेनात. मी फोन कानावर दाबून धरला.

"चेहऱ्यावर आली गं! पार चेहऱ्यावर आली!" आत्या रडत होती.

डावीकडच्या खिडकीत, उसाच्या फडांच्या मागं, सूर्य नुकताच बुडाला होता.