माणशी चाळीस किलो तांबे

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो आहे, नाहीतर या प्रश्नाला उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होण्याची सवय मला लागली होती. झांबियातील एनडोला या शहरात एका मालवाहतूक कंपनीचे हिशेब मी नऊ वर्षे लिहिले. कॉपरबेल्ट या तिथल्या तांब्याच्या पट्ट्यातील खाणींतून निघालेले तांबे ट्रकांवर लादून समुद्रापर्यंत पोहोचवायचे आणि येताना डिझेल, यंत्रांचे सुटे भाग, खते असे जे मिळेल ते आणायचे, हा आमचा धंदा. सुट्टीवर आलो की प्रश्न ठरलेला असे : तिथे जमिनीत एवढे तांबे आहे, नद्या आहेत, मोकळी जमीन पडली आहे, मग ती माणसे गरीब का? काही जण तिथेच थांबत. काही जण आवाज खाली आणून उत्तरही स्वतःच सुचवत, की ते लोक मुळातच आळशी असणार.

आळसाचे आधी निकालात काढतो, कारण त्यावर फार शाई खर्च करण्यासारखे काही नाही. पहाटे चारला कोळशाची पोती सायकलला बांधून तीस-चाळीस किलोमीटर रेटत शहरात येणारी माणसे मी रोज पाहिली आहेत. आळस परवडण्यासाठी घरात दुसऱ्या कोणाची तरी मिळकत असावी लागते, आणि ती तिथे फार थोड्यांच्या घरी होती.

प्रश्नाचा पहिला भाग मात्र मला अधिक खटकतो, कारण ‘एवढे तांबे’ हे शब्द कोणी मोजून वापरत नाही. १९६९ साली झांबियात सुमारे ७ लाख २० हजार टन तांबे निघाले आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या ४० लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे माणशी पावणेदोनशे किलोंच्या आसपास. २०२४ साली उत्पादन ८ लाख टनांच्या थोडे पुढे गेले, त्याचा बराच गाजावाजाही झाला; पण लोकसंख्या तोवर दोन कोटींच्या वर पोहोचली होती. भागाकार केला तर माणशी चाळीस किलो येतात. टनाला नऊ-दहा हजार डॉलर हा चांगला भाव धरला तरी ही वर्षाला माणशी चारशे डॉलरच्या आतबाहेरची रक्कम झाली, आणि तीही खाण खोदण्याचा, वीज-डिझेलचा, वाहतुकीचा खर्च आणि मालकाचा नफा वजा करण्यापूर्वीची. त्यातून सरकारच्या हाती जे उरते त्यात शाळा, दवाखाने, रस्ते आणि जुन्या कर्जाचे व्याज बसवायचे असते. गावात एकच आंब्याचे झाड असावे आणि दर पिढीला खाणारी तोंडे वाढत जावीत, तशी ही श्रीमंती आहे. झाड मोठे आहे हे खरे, पण पाहुण्याला ते जेवढे मोठे दिसते तेवढे घरच्यांना दिसत नाही.

शेजारच्या बोट्सवानाचे उदाहरण लोक मला देतात, तेही रास्तच आहे. १९६६मध्ये स्वतंत्र झालेला तो देश तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत मोडत होता. वर्षभरात ओरापाला हिरे सापडले, सरकारने खाणींत निम्मी भागीदारी मिळवली आणि पैसा बऱ्यापैकी जपून वापरला. कारभाराचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र हिऱ्यांचा तो पैसा आजही पंचवीस-सव्वीस लाख माणसांतच वाटायचा आहे, आणि हिरे विमानाने जातात. तांब्याला ती सोय नाही.

इथून माझ्या वहीचा विषय सुरू होतो. आफ्रिकेतल्या १६ देशांना समुद्रकिनारा नाही, आणि झांबिया त्यांपैकी एक. एनडोलाहून टांझानियाचे दार-एस-सलाम बंदर सुमारे दोन हजार किलोमीटर. तीस टन तांब्याचे पत्रे घेऊन निघालेला ट्रक टांझानियाच्या वाटेवर नाकोंडेच्या सीमेवर रांगेत उभा राहिला, की चालकाचा भत्ता, ट्रकच्या कर्जाचा हप्ता, रखवालदाराचा पगार आणि बंदरात जहाज चुकले तर त्याचा दंड हे सारे चालत्या मीटरसारखे वाढत जाई. ‘सीमेवर थांबलेले दिवस’ असा वेगळा रकाना मी वहीत आखला होता. तो शून्य राहिला, असा महिना मला आठवत नाही. परतीच्या प्रवासात हाच खर्च खताच्या पोत्यावर चढे आणि शेवटी तो शेतकरी भरे, ज्याने तांब्याचा पत्रा डोळ्यांनीही पाहिलेला नसे. खत महाग म्हणून ते कमी घालायचे, कमी घातले म्हणून मका कमी, मका कमी म्हणून पुढच्या वर्षीच्या खतालाही पैसा नाही. सरकार खतावर अनुदान देते, पण ते किती जणांपर्यंत आणि पेरणीच्या आधी पोहोचते की नंतर, यावर तिथल्या कोणत्याही गावात तास दोन तास सहज बोलणे चालते.

या रस्त्याला पर्याय म्हणून रेल्वे बांधलेली आहे, आणि तिची कथा मला फार बोलकी वाटते. १९६५मध्ये दक्षिणेकडच्या ऱ्होडेशियातील (आजच्या झिंबाब्वेतील) गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि झांबियाचा समुद्राकडे जाणारा जुना मार्ग शत्रूच्या अंगणातून जाऊ लागला. पाश्चात्त्य देशांनी नवा मार्ग परवडणार नाही असे सांगितल्यावर चीनने बिनव्याजी कर्ज दिले आणि १९७० ते १९७५ या काळात दार-एस-सलामपासून झांबियातील कापिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग उभा राहिला. वर्षाला वीस लाख टन माल वाहण्याच्या अपेक्षेने बांधलेल्या या मार्गावरून पुढे एका वर्षी तर एक लाख टनही गेला नाही. इंजिने बिघडलेली, सुटे भाग नाहीत, कामगारांचे पगार थकलेले. मला अधिक चटका लावणारी गोष्ट रुळांच्या रुंदीची आहे. या मार्गाचे रूळ १,०६७ मिलिमीटर अंतरावर आहेत, कारण झांबियाची जुनी रेल्वे दक्षिण आफ्रिकेच्या मापाने बांधलेली होती. टांझानियाचा जुना लोहमार्ग जर्मनांनी सुरू केलेला, तो १,००० मिलिमीटरचा. एकाच देशात, एकाच बंदराच्या गावात दोन रेल्वे, आणि जेमतेम चार बोटांच्या फरकामुळे एकीचा डबा दुसरीवर जाऊ शकत नाही. मध्ये किडाटू येथे माल उतरवून पुन्हा चढवण्याची सोय करावी लागली. जर्मन, ब्रिटिश, पोर्तुगीज आणि बेल्जियन यांनी आपापला मुलूख खाणीपासून बंदरापर्यंत जोडला. शेजाऱ्याशी जोडण्याचे त्यांना कारण नव्हते. आजही आफ्रिकेच्या एकूण व्यापारात आफ्रिकी देशांचा आपसांतला वाटा १५ टक्क्यांच्या आसपासच आहे.

आता पैशाविषयी. १९६४च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश गेले तेव्हा साऱ्या देशात विद्यापीठाचे पदवीधर झांबियन शंभराच्या आसपास होते. त्या बळावर पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांच्या सरकारने शाळा काढल्या, रुग्णालये बांधली, १९६९-७०मध्ये खाणींत बहुसंख्य हिस्सा घेतला. तेलाच्या भडक्यानंतर १९७५मध्ये तांब्याचा भाव कोसळला. भाव परत येईल या समजुतीने कर्ज काढले गेले आणि भाव कित्येक वर्षे आला नाही. मग कर्ज देणाऱ्यांच्या अटी आल्या, मक्याच्या पिठावरचे अनुदान कमी झाल्यावर १९८६ आणि १९९०मध्ये दंगली झाल्या, दवाखान्यांत शुल्क आले आणि त्याच सुमारास एड्स आला. शिक्षक, परिचारिका, खाणीतले फोरमन अशी ऐन उमेदीतली माणसे गेली; सरासरी आयुर्मान पन्नाशीच्याही बरेच खाली घसरले. आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ कारकून सांगत, की त्या काळी शनिवार हा अंत्यविधीचा वार होता. विकासाच्या चर्चेत ‘मनुष्यबळ’ हा शब्द फार सहज येतो. एका पिढीचे मनुष्यबळ मातीत गेल्यावर ते भरून यायला किती वर्षे लागतात, याचा हिशेब कोणत्याच अंदाजपत्रकात मांडलेला मला दिसला नाही.

२००५-०६मध्ये बहुतेक जुने कर्ज माफ झाले. २०१२मध्ये सरकारने आंतरराष्ट्रीय बाजारात ७५ कोटी डॉलरचे रोखे विकले, तेही पावणेसहा टक्क्यांहून कमी व्याजाने, आणि त्यांच्यावर उड्या पडल्या. तांबे तेव्हा तेजीत होते. २०१५मध्ये तिसऱ्यांदा रोखे विकायची वेळ आली तेव्हा तांबे उतरले होते आणि व्याज नऊ टक्क्यांच्या घरात गेले होते. रस्ते झाले, विमानतळ झाले, काही कामांचे दर डोळे विस्फारावेत असे होते, हे मी कंत्राटदारांची बिले पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०२०मध्ये देशाने व्याजाचा हप्ता चुकवला. देशांनी दिलेल्या कर्जावर जून २०२३मध्ये तोडगा निघाला आणि रोखेधारकांशी २०२४मध्ये. या साडेतीन वर्षांत नवे भांडवल येणार कुठून?

भ्रष्टाचार आहेच, तो मी झाकत नाही. पण तो फक्त सरकारी टेबलाखालून होतो, असे समजण्याचे कारण नाही. तांबे आपल्याच परदेशी भगिनी कंपनीला कमी भावात विकल्याचे दाखवून नफा देशाबाहेर न्यायचा, ही हिशेबाची युक्ती माझ्या व्यवसायातल्या लोकांना नवी नाही. २०२०मध्ये झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात खाण कंपनीच्या विरोधात आणि कर खात्याच्या बाजूने निकाल दिला. व्यवहार २००६ ते २००९ या वर्षांतले होते. करवसुलीला दहा वर्षांहून अधिक काळ लागला यावरून तिथल्या कर अधिकाऱ्यांच्या हातात किती साधने होती याची कल्पना येईल. आणि लोकशाही नाही म्हणावे, तर १९९१, २०११ आणि २०२१ अशी तीन वेळा सत्ताधाऱ्यांनी निवडणूक हरल्यावर खुर्ची सोडली आहे. काउंडा सत्तावीस वर्षांनंतर हरले आणि निकाल मानून निघून गेले.

माझ्या घराशेजारी एक बाई ब्रॉयलर कोंबड्या पाळत. दर सहा आठवड्यांनी दोनशे पिल्ले आणायची, वाढवायची, विकायची. त्यांची हुशारी हिशेब लिहिणाऱ्यालाही लाजवील अशी होती. खाद्याचा भाव वाढला की कोणत्या दिवशी कोंबडी विकणे बरे, हे त्या मनात काढत. पाचशे पिल्लांची शेड बांधायला बँकेने त्यांना वीस टक्क्यांच्या वर व्याज सांगितले, आणि तारण म्हणून जमिनीचा कागद मागितला. त्यांची जमीन पारंपरिक प्रमुखाच्या संमतीवर कसलेली, तिचा कागदच नव्हता. मी देश सोडल्यानंतर २०२४चा दुष्काळ आला. देशाची ऐंशी टक्क्यांहून अधिक वीज पाण्यापासून होते आणि करिबा धरण तळाला गेले. काही ठिकाणी दिवसातून सतरा तासांहून अधिक वीज नसे. पिल्लांना ऊब देण्यासाठी आता कोळसा जाळते, असे त्यांनी फोनवर सांगितले. कोळसा जंगल तोडून येतो. करिबाचे धरण १९५९मध्ये पुरे झाले तेव्हा झांबेझीच्या दोन्ही काठांवरून टोंगा समाजाच्या सुमारे ५७ हजार लोकांना हलवले गेले होते आणि त्यांच्यातल्या कित्येक वस्त्यांनी त्या धरणाची वीज पुढे अनेक दशके पाहिली नाही. ज्यांनी पाहिली त्यांचीही त्या दुष्काळात दिवसातले सतरा तास गेली.

काही बदलले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२२पासून माध्यमिक शाळेचे शुल्क रद्द झाले, एकाच वर्षात ३० हजारांहून अधिक शिक्षक नेमले गेले, आणि वर्गात इतकी मुले आली की बाके पुरेनात. काझुंगुला येथे झांबेझीवर बोट्सवानाशी जोडणारा पूल मे २०२१मध्ये खुला झाला; पूर्वी तिथे तराफ्यावरून एकेक ट्रक पलीकडे नेत, आणि आमचे ट्रक आठवडाभर तिष्ठत. हा पूल सरळ नाही. झिंबाब्वेची हद्द टाळण्यासाठी तो नदीवर वळवून बांधावा लागला आहे. नदीच्या मधोमध अशी कमान घेत जाणारा तो पूल पाहिला की दोन शेजाऱ्यांना हात मिळवताना तिसऱ्याला किती वळसा घालावा लागतो, ते दिसते.

सध्या तिथे दोन रेल्वेमार्गांची चर्चा आहे. पूर्वेकडचा जुना लोहमार्ग चीन पुन्हा उभा करून देणार आहे, आणि पश्चिमेकडे अंगोलातील लोबिटो बंदराकडे जाणाऱ्या मार्गाला अमेरिका आणि युरोपीय संघाने हात दिला आहे, कारण विजेवर चालणाऱ्या गाड्यांना तांबे आणि कोबाल्ट हवे आहे. दोन्ही झाले तर माझ्या जागी आज जो हिशेब लिहितो आहे त्याचा एक रकाना आखूड होईल, आणि मला त्याचा आनंदच होईल. पण दोन्ही रूळ खाणीपासून बंदराकडेच जातात. एनडोलाहून काँगोतील लुबुंबाशी अडीचशे किलोमीटरही नाही, तिथे मोठी बाजारपेठ आहे, आणि झांबियात तयार झालेले सिमेंट, साखर, मक्याचे पीठ, चुना हे सगळे तिथे खपते. कच्च्या तांब्याच्या मानाने या मालात रोजगार किती तरी अधिक आहे. तो माल ट्रकवर चढतो, कसुंबलेसाच्या सीमेवर पोहोचतो आणि रांगेत उभा राहतो. वहीतल्या माझ्या त्या रकान्यात दार-एस-सलामच्या खालोखाल सर्वांत मोठे आकडे याच अडीचशे किलोमीटरच्या फेरीचे असत.