खिडकीवरून परत गेलेल्यांचा हिशोब

एसटी स्टँडासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म, पीक विम्याचे कागद, माहिती अधिकाराचा नमुना आणि वर चिकटवायचा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प यावर घर चालतं. गावाचे शेकडो अर्ज माझ्या हातून टाइप झाले असतील. स्वतःचा पहिला अर्ज लिहिला तो त्रेचाळिसाव्या वर्षी, धाकट्या भावाच्या गोळ्यांपायी.

धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सुरू झाला. पहिली दोन वर्षं आम्ही काय काय केलं ते सांगत बसत नाही. सातारा जिल्ह्यातलं कुठलंही घर जे करतं तेच केलं, देवऋषी धरून. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांची गोळी लागू पडली. रिस्पेरिडोन, आणि तिच्यानं हात थरथरतात म्हणून जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल. ही नावं आता आईलाही पाठ आहेत. गोळी चालू असली की तो पहाटे दोन म्हशींच्या धारा काढून डेअरीला दूध घालून येतो, फॅटच्या पावतीवरून तिथं भांडतोसुद्धा. गोळी तुटली की तीन-चार आठवड्यांनी आधी झोप जाते. पुढचं पुढं.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एका बुधवारी जिल्ह्याहून मानसोपचाराचे डॉक्टर येतात. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बऱ्याच माणसांनी मला पाण्याचा तांब्या पुढं केलाय आणि उद्याही मला औषधाच्या त्याच खिडकीवर उभं राहायचंय. तर त्या जुलैत खिडकीतून उत्तर आलं, "शिल्लक न्हाई. फुडल्या म्हयन्यात बघा." ऑगस्टमध्येही तेच. मेडिकलमधून घेतल्या तर महिन्याला साडेचारशे. आम्हाला ते झेपत होते. पण रांगेत माझ्यामागं एक म्हातारी होती, लेकाला घेऊन आलेली. "न्हाई" ऐकल्यावर तिनं पिशवीची गाठ पुन्हा बांधली आणि काही न बोलता वळली. मेडिकलकडं गेली नाही, सरळ एसटीकडं गेली.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी विषय काढला. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, एवढं मला अर्ज टाइप करून करून माहीत होतं. म्हटलं, रुग्णालयात गोळ्या येईपर्यंत त्यातून काही होतंय का बघा. सरपंच म्हणाले, "अरे, पण तुझ्या भावाचं हातपाय धड हायत की." सभा हसली. धाकटा मागं भिंतीला टेकून बसला होता, तोही हसला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मानसिक आजार आहे, हे मी तिथंच सांगितलं. ग्रामसेवक म्हणाले, प्रमाणपत्र आणा. त्यांचं बरोबरच होतं. ते प्रमाणपत्र मिळालं पुढच्या मे महिन्यात. त्यासाठी दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के लागतं, आणि धाकटा तपासणीच्या दिवशी नेमका इतका नीट बोलला की आईचा जीव टांगणीला. ती वेगळी कथा आहे.

मग मी हे पैसे येतात कुठून ते शोधायला लागलो, आणि तिथं डोकं गरगरलं. घर एक, चुली तीन. गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतलं. आणि बुधवारी येणारं पथक जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं, ज्याचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस या हिशोबानं. केंद्रानं या कार्यक्रमाला एका जिल्ह्यामागं वर्षाला ८३.२० लाखांपर्यंत मर्यादा ठरवली होती. शिवाय औषधांना पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समितीही निधी देऊ शकते. आणि रुग्णालयाची आपली रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या हातात थोडे पैसे असतात. एवढे सगळे पैसे देणारे, आणि खिडकीवर गोळी नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मी दुकानात रात्री छापून वाचला. कलम १८ मध्ये स्वच्छ लिहिलंय की अत्यावश्यक यादीतली औषधं मानसिक आजार असलेल्यांना सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सर्व काळ मोफत मिळाली पाहिजेत. आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय म्हणजे त्याच पायरीवरचं. रिस्पेरिडोन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. 'सर्व काळ' या शब्दांखाली मी लाल पेनानं दोन रेघा मारल्या. त्यानं काय होतंय म्हणा, पण बरं वाटलं.

सप्टेंबरात माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, जोडपत्र 'अ' भरलं. आपल्या राज्याच्या नियमानुसार अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो, 'का' विचारू नका, कागद मागा. स्वतःची पाळी आली तेव्हा पहिल्या मसुद्यात चार वेळा 'का' होता. खोडला. शेवटी मागितलं एवढंच: या दोन औषधांची गेल्या दोन वर्षांची मागणीपत्रं आणि साठा नोंदवहीची पानं. अर्ज ज्या ऑफिसात दिला त्यांनी तो दुसरीकडं पाठवला. कायद्यात त्याला पाच दिवस आहेत, माझ्या अर्जाला एकवीस लागले. तीस दिवस उलटल्यावर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणी सात मिनिटं चालली. "कागद पुष्कळ आहेत, येऊन बघून घ्या," असा निकाल.

हे आपल्या फायद्याचं असतं, हे लोकांना कळत नाही. जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागद बघू द्यावेत, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णयच आहे. डिसेंबरातल्या एका सोमवारी दुकान बंद ठेवून सातारा गाठलं. पोवई नाक्यावर उतरून एक चहा मारला आणि तीनच्या ठोक्याला हजर झालो.

लेखनिक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी नोंदवही पुढं सरकवली. रिस्पेरिडोनच्या पानावर एप्रिल, मे, जून नीट भरलेले. जुलैपासून पुढं शिल्लक शून्य. वाटप शून्य. शून्य, शून्य, सुंदर अक्षरात. मागणीपत्राचा कागद बाजूला ठेवून मी विचारलं, मॅडम, ही मागणी एवढी कमी कशी?

"मागच्या वर्षीचा खप बघायचा आणि वर दहा टक्के चढवायचे. असंच करतात."

"पण मागच्या वर्षी पण पाच महिने गोळ्याच नव्हत्या की."

"मग खप पण नव्हता," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच थांबल्या. चष्मा काढून पुन्हा पान बघितलं.

सगळी मेख तिथं होती. कुणी पैसे खाल्ले असतील, कुणी गोळ्या विकल्या असतील, असं मी सहा महिने मनात घोळवत होतो. खरं सांगायचं तर तसं काही सापडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. इथं तसलं काही दिसलंच नाही. गोळ्या संपल्या की वाटप थांबतं, वाटप थांबलं की कागदावर खप कमी दिसतो, खप कमी म्हणून पुढच्या वर्षी मागणी कमी, आणि म्हणून गोळ्या आणखी लवकर संपतात. मिळालेल्या गोळीची नोंद होते. पिशवीची गाठ बांधून परत गेलेल्या म्हातारीची नोंद कुठल्याच वहीत नाही.

मग ती नोंद करायची कशी? खिडकीवरच्या साहेबांना म्हटलं, केसपेपरवर 'औषध उपलब्ध नाही' लिहून सही करा. ते म्हणाले, "माझ्या अंगाशी येईल की वो." येईलही, त्यांना दोष देत नाही. शेवटी मीच दुकानात चिठ्ठ्या छापल्या, एका ए-फोरमध्ये आठ. तारीख, औषधाचं नाव, किती दिवसांचं लिहून दिलं होतं, किती मिळालं. जानेवारीच्या बुधवारी रांगेत वाटायला गेलो, तर कुणी हात लावीना. एक भाऊ तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमची पोरगी लग्नाची हाय. नाव नगं." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चिठ्ठीवरचा नावाचा रकाना खोडला, फक्त केसपेपरचा नंबर ठेवला. त्या दिवशी अकरा चिठ्ठ्या भरून आल्या. म्हातारीची मीच भरली, तिनं अंगठा उठवला, जरूर नव्हती तरी.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २८ सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रारीचं आहे: आधी तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडं, समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडं. मी अधीक्षकांना दोन पानी पत्र दिलं, मागं अकरा चिठ्ठ्या आणि नोंदवहीच्या पानांच्या नकला. त्यांनी चिठ्ठ्या एकेक करून बघितल्या. म्हणाले, "हे आम्हाला कुणी आधी दाखवलंच नाही." मला राग आला होता, पण ते खरं होतं. मंडळापर्यंत जायची वेळ आली नाही. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत दोन महिन्यांची स्थानिक खरेदी मंजूर झाली, आणि मार्चच्या मागणीपत्रात रिस्पेरिडोनचा आकडा चिठ्ठ्या धरून लावला. ट्रायहेक्सिफेनिडिल राहून गेलं. कसं राहिलं ते अजून कुणाला सांगता येत नाही. ते आम्ही मेडिकलमधूनच आणतो.

धाकट्याला यातलं सगळं सांगितलेलं नाही. चिठ्ठ्या मात्र तोच कापतो, पट्टी लावून, माझ्यापेक्षा सरळ. गेल्या बुधवारी खिडकीवर रिस्पेरिडोन मिळाली, पण तीस दिवसांऐवजी पंधराच दिवसांची. आमच्या आधीच्या चौघांनाही तेवढीच. संध्याकाळी संगणकावर चिठ्ठीचा नमुना उघडला आणि 'निम्मे मिळाले' असा एक रकाना वाढवला. आता एका पानात आठ बसत नाहीत, सहाच बसतात.