चांगला गोलकीपर सूर मारत नाही

न्यूरेंबर्गच्या ज्या पुनर्वसन केंद्रात मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे नव्वदी गाठलेले एक गृहस्थ होते. हाक मारताना मी 'हेर' (जर्मनमधलं 'श्री') लावून त्यांचं आडनावच घ्यायचे, पण मनात ते आजोबाच. घरात पाय घसरून त्यांच्या डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि अर्धा सांधा बदलला होता. सहा आठवडे उलटले, एक्स-रे उत्तम आला, डाव्या पायावर पूर्ण भार द्यायला सर्जननी परवानगीही दिली. आजोबा मात्र चालण्याच्या सरावासाठीचे दोन समांतर बार धरून उभे राहायचे ते सगळं अंग उजवीकडे टाकून. "तिकडे गेलो की पडणार," एवढंच म्हणायचे. पडण्याची धास्ती एकदा मनात बसली, की पायात बळ असूनही पाय उचलत नाही. हे मी रोज बघते.

त्या मंगळवारी मी त्यांना व्यायामाला न्यायला गेले, तर कपाटावर एक जुनं फोटोकार्ड टेकवून ठेवलेलं दिसलं. राखाडी स्वेटर, डोक्यावर कापडी चपटी टोपी आणि मोठे, उघडे हात.

"वडील का तुमचे?"

"हाइनर श्टूलफाउट!" आजोबा जवळजवळ ओरडलेच.

आणि मग ते बोलत सुटले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील १९२०च्या दशकात 'त्साबो'च्या मैदानावर दर सामन्याला जायचे. श्टूलफाउट हा तिथे खेळणाऱ्या '१. एफसी न्यूरेंबर्ग' या फुटबॉल क्लबचा गोलकीपर. जन्म १८९६चा, याच शहरातला. १९२०, २१, २४, २५ आणि २७ अशी जर्मनीची पाच विजेतेपदं, आणि त्या पाचही अंतिम सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही! १९२२चा बर्लिनचा अंतिम सामना तर १८९ मिनिटं चालला आणि २-२ असताना अंधार पडला म्हणून थांबवला. जर्मनीकडून २१ सामने. १९२९ साली तूरिनमध्ये इटलीला २-१ने हरवलं, तेव्हाही गोलात हाच.

"आणि सूर मारायचा नाही," आजोबा म्हणाले. "हाइनर म्हणायचा, चांगला गोलकीपर सूर मारत नाही."

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर गोलीनं सूर मारला की सगळी गॅलरी उठून उभी राहते, म्हणून मला हे पटेना. मग अडवायचा कसा? आजोबांनी हवेत बोटानं गोलपोस्ट आखून दाखवला. चेंडू कुठून येणार ते आधी ओळखायचं, पुढे सरकून कोन कमी करायचा आणि जमेल तिथे सरळ पायानं अडवायचा. गोलसमोरच्या चौकटीबाहेर धावत जाऊन, बचावपटूसारखा. खेळ सोडल्यावर श्टूलफाउटनं शहरात बिअरचं हॉटेल चालवलं. तरुणपणी आजोबा तिथे जात, तेव्हा त्याचे हात त्यांनी जवळून पाहिले होते.

पायानं अडवायचा! मी खोलीतून त्यांना थेट हॉलमध्ये नेलं. बारमध्ये उभं केलं, मागे सहकाऱ्याला हात तयार ठेवून थांबायला सांगितलं आणि फोमचा चेंडू जमिनीवरून हळूच त्यांच्या उजव्या पायाकडे सोडला. चांगला पाय पुढे घालायचा तर शरीर ऑपरेशनच्या पायावर पेलायला हवं, माझा सगळा हिशेब तेवढाच होता. पहिला चेंडू त्यांनी नुसता जाऊ दिला. दुसराही. तिसऱ्या वेळी मान किंचित पुढे आली, डोळे चेंडूवर खिळले आणि उजवा पाय सुटला. चेंडू बुटाच्या आतल्या बाजूवर थपकन थांबला. तेवढा क्षण आजोबा एकट्या डाव्या पायावर उभे होते. कंबर सरळ होती, बारवर नुसती बोटं टेकलेली.

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर त्यांचं लक्ष पायाकडे गेलं असतं. पुन्हा चेंडू सोडला. एकूण चौदा सोडले, त्यातले नऊ त्यांनी अडवले. हे मी फाइलमध्ये लिहिलं तेव्हा माझा हात थरथरत होता.

पंधराव्याला त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दमले असतील म्हणून मी खुर्ची ओढली.

"खुर्ची नको," ते म्हणाले. "तुम्ही फार जवळून टाकताय. मागे जा."

मी तीन पावलं मागे सरले.

"आणखी."