निळा रंग किती खरा?
आज दिवसभर फोलिन-सिओकाल्टू पद्धतीने संत्र्याच्या रसातील एकूण फिनॉलिक संयुगे (वनस्पतींत आढळणारी अँटिऑक्सिडंट रसायने) मोजत होते. या पद्धतीच्या पिवळसर अभिकर्मकात (रंग बदलून संयुग ओळखून देणाऱ्या रसायनात) पातळ केलेला रस आणि नंतर सोडियम कार्बोनेटचे द्रावण घातले, की परीक्षानळीत हळूहळू निळा रंग चढत जातो. मग ७६५ नॅनोमीटर तरंगलांबीला त्याचे प्रकाशशोषण मोजून गॅलिक आम्लाच्या (एका फिनॉलिक संयुगाच्या) ज्ञात प्रमाणांवरून काढलेल्या प्रमाण आलेखावरून उत्तर काढायचे. उत्तर अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आले, तेव्हा आनंदाऐवजी मला शंकाच आली, कारण हा अभिकर्मक फिनॉलपुरता थांबत नाही. रसातले क जीवनसत्त्वही त्याचे क्षपण करून (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन) तोच निळा रंग देते. म्हणूनच अहवालात केवळ 'एकूण फिनॉल' एवढाच आकडा देणे मला पटत नाही. उद्या तोच रस एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावून त्यातले हेस्पेरिडिन, म्हणजे संत्र्यातले एक मुख्य फिनॉलिक संयुग, वेगळे मोजणार आहे. नमुना गाळून अंधारात, थंड ठेवला आहे.