सुलटा हात, उलटा हात

माकडाच्या हाती काय द्यावं, याबाबत मराठीचं आणि हिंदीचं एकमत नाही. आपण कोलीत देतो, ते उस्तरा देतात. वयाच्या बावन्नाव्या वर्षी कानापर्यंत फेस फासून, हातात उघडा वस्तरा धरून मी बाथरूमच्या आरशासमोर उभा राहिलो, तेव्हा हिंदीवाल्यांनी माकडाकडे जास्त बारकाईने पाहिलंय हे मला पटलं. कोलिताने निदान दुसऱ्याचं घर जळतं.

वस्तरा मिळाला मुंबईत, चोरबाजारात. भाचीच्या लग्नाला गेलो होतो आणि शुक्रवारची सकाळ मोकळी होती. मटण स्ट्रीटजवळ फूटपाथवर एकाने चादर अंथरली होती. तिच्यावर किल्ल्या नसलेली कुलुपं, काचा नसलेले चश्मे, एक हार्मोनियमचा भाता आणि त्या ढिगात हा. साडेतीनशे म्हणाला, दोनशेला दिला. पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगेन’ अशी अक्षरं कोरलेली. सोलिंगेन हे जर्मनीतलं पाती करणाऱ्यांचं शहर. तिथे बनलेल्या मालालाच ते नाव लावता येतं, असा कायदा १९३८ पासून आहे. कायद्याने इतकं जपलेलं नाव चोरबाजारात मिळावं, याची मला गंमत वाटली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “ह्याचं काय करणार?”

“दाढी.”

“कुणाची?”

प्रश्न रास्त होता. मी गेली तीस वर्षं साध्या रेझरने चार मिनिटांत दाढी उरकून बँकेत जाणारा माणूस. वस्तऱ्याची दाढी म्हणजे लहानपणी वडिलांबरोबर सलूनमध्ये बसून पाहिलेली, एवढाच संबंध. आणि बाजारातून आणलेला वस्तरा तर लोणीसुद्धा कापेना.

धार लावून घ्यायला आमच्या चिपळुणातल्या नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. दुकान आता मुलगा चालवतो. त्याने वस्तरा उघडला, मिटला, परत दिला. “साहेब, हे आता आम्ही वापरत नाही.” त्याच्या हातात होता तो वस्तऱ्यासारखा दिसणारा नुसता दांडा. ब्लेड मधोमध मोडायचं, अर्धं त्यात सरकवायचं, गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचं. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची. त्यानंतर काही वर्षांत भिंतीभिंतींवर एड्सची पोस्टरं लागली आणि माणसं खुर्चीत टेकायच्या आधीच “नवीन ब्लेड टाक हां” म्हणू लागली. झालं ते चांगलंच झालं. पण धार लावण्याची विद्या त्या अर्ध्या ब्लेडबरोबर कचऱ्याच्या डब्यात गेली, ती मुलाच्या हातात आलीच नाही. त्याने कंगव्याने दाराकडे खूण केली. “तात्यांना विचारा.”

दाराजवळच्या बाकावर तात्या पेपर वाचत होते. मुलाला दुकान दिलं तरी सकाळी येऊन बसायची सवय सुटलेली नाही. त्यांनी वस्तरा घेतला, चश्मा कपाळावर सरकवला आणि पातं उजेडाकडे धरून डोळ्यांच्या रेषेत पाहिलं. धारेला बोट लावलं नाही. मी मात्र तोवर चार वेळा लावून पाहिलं होतं.

“पाठ झिजलेली नाही,” ते म्हणाले. “कुणी फारसा वापरलेला दिसत नाही.”

धार पाहायला पाठ कशाला बघायची, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी घरून दगड आणला, त्यावर पाणी टाकलं आणि वस्तरा सपाट आडवा ठेवला. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकलेली. विळी-सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या जाड पाठीनेच ठरवून दिलेला असतो. घासताना धारेबरोबर पाठही झिजते, म्हणून वर्षानुवर्षं दगडावर फिरवला तरी कोन जवळपास तोच राहतो. इतकी शहाणी वस्तू मी गाडीत खिशात टाकून आणली होती.

तासाभराने त्यांनी स्वतःच्या मनगटावरचा एक केस उपटला. (“डोक्यावरचा आता परवडत नाही.”) केस दोन बोटांत धरून धारेवर नुसता टेकवला. वरचा तुकडा गळून पडला, आवाजसुद्धा झाला नाही.

मग पट्टा. मला वाटायचं, न्हावी पट्ट्यावर वस्तरा फटाफट मारतात तो गिऱ्हाइकाला धाक म्हणून. तो खरं तर रोजचा रियाज आहे. दगड कधीतरी महिन्या-दोन महिन्यांनी, पट्टा दाढीच्या आधी दर वेळी, चाळीस-पन्नास हात. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवरून उलटायचा आणि परत. सवयीने मनगट धारेवरून वळलं की पट्टा कापला जातो. माझा पहिल्याच दिवशी कापला गेला. दुसऱ्या दिवशीही. तात्या म्हणाले, “घाई नको. फटाफट आवाज मागाहून आपोआप येतो.” अमेरिकेत जिलेटने १९०३ साली बदलत्या ब्लेडचा रेझर विकायला काढला, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढे त्यांच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक आश्वासन काय होतं, तर पट्टा नको, दगड नको. कापलेला पट्टा हातात घेऊन मी त्या जाहिरातीला भुललेल्या लाखो माणसांना मनोमन माफ करून टाकलं.

इथवर तात्या गुरू आणि मी शिष्य हे नातं ठीक चाललं होतं. मग मी विचारलं, “आता धरायचा कसा ते दाखवा.”

त्यांनी वस्तरा धरला. तीन बोटं मानेवर, करंगळी शेपटीवर, दांडा वर उघडलेला. तो हात उचलून स्वतःच्या गालाशी नेला आणि तिथेच थांबवला. मग दुसऱ्या बाजूने नेऊन पाहिला. मग हसले.

“साहेब, मी स्वतःची कधी केलीच नाही.”

चव्वेचाळीस वर्षं धंदा केला. सुरुवातीला खेड्यात बलुत्यावर, उकिडवं बसून, गिऱ्हाइकाच्याच हातात आरसा देऊन आणि दाढीला नुसतं पाणी चोळून. मग चिपळुणात खुर्चीवर. पण स्वतःची दाढी कायम भावाकडून, आता मुलाकडून. “तुमचा गाल माझ्या समोर असतो. माझा गाल मला कुठं दिसतोय?” आरशात दिसतो म्हटलं, तर म्हणाले, आरशातला हात उलटा चालतो.

म्हणजे मला जे शिकायचं होतं ते ह्या माणसाला येत नव्हतं. त्यांची विद्या समोरच्याचा चेहरा वाचण्याची होती, आणि मी समोरचाही होतो आणि न्हावीही. शेवटी त्यांनीच तोड काढली. मला खुर्चीत बसवलं, फेस लावला आणि म्हणाले, “डोळे मिटा. ऐका.”

पहिला हात कानशिलावरून खाली आला. कोरड्या पाचोळ्यावरून सरडा जावा तसा आवाज. मग त्यांनी मुद्दाम पाठ थोडी वर उचलली. आवाज लगेच बदलला, नारळ खवल्यासारखा. “हा आला की थांबायचं.” मग पाठ गालाला जवळजवळ टेकवली. आवाजच नाही, नुसता फेस पुसला गेला. तीन आवाज, त्यातला पहिला आपला. पुस्तकी हिशेबाने त्या आवाजाचा कोन तीसेक अंशांचा. पण बाथरूममध्ये कोनमापक कोण घेऊन जातो? कान मात्र गालाच्या शेजारीच असतो.

डोळे मिटले होते म्हणून आणखी एक गोष्ट कळली. वस्तरा फिरत होता उजव्या हाताचा, पण काम चाललं होतं डाव्याचं. तो आधी जाऊन कातडी ताणत होता, ढोलकीसारखी. उजवा आला की डावा पुढच्या जागी. आम्ही गिऱ्हाइकं आयुष्यभर पात्याकडे बघत घाबरत बसतो आणि रक्त न काढणारा हात दुसराच असतो.

पहिले पंधरा दिवस फक्त गाल, तेही सुलटे, म्हणजे केसांच्या कलाने. बाकीचं जुन्या रेझरने. उजवा गाल तिसऱ्या दिवशी जमला. डाव्या गालाला वस्तरा डाव्या हातात घ्यावा लागतो. निदान तात्यांनी तरी तसंच ठरवलं, कारण उजवा हात नाकासमोरून नेला की आरसा झाकला जातो. माझ्या डाव्या हाताने पन्नास वर्षांत घड्याळ बांधून घेण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. त्याच्या हाती वस्तरा देताना ऑफिसातल्या नव्या पोराकडे तिजोरीची किल्ली द्यावी तसं वाटलं. आणि ह्या पोराने कामात मला मागे टाकलं. उजव्याला तीस वर्षांच्या रेझरची वाईट खोड, दाबायची. डाव्याला काहीच येत नव्हतं, त्यामुळे तो सांगितलं तेवढंच करत होता.

जखमा झाल्या. दोन. दोन्ही वेळा आडवा हात चालला म्हणून. धार पुढे ठेवून वस्तरा सरळ सरकला की काही होत नाही, धारेच्या लांबीने आडवा तसूभर सरकला की झालं. दुखत नाही, आधी फेस गुलाबी होतो आणि मग आपल्याला कळतं. तुरटीचा खडा फिरवला की बसतं, पण तो चटका असा, की त्या दिवशी बँकेत दुसरा चहा घ्यावा लागला नाही, इतका जागा झालो होतो.

गळ्याशी मी महिनाभर गेलो नाही. मराठीत लोक केसाने गळा कापतात. मला गळा न कापता केस कापायचे होते, आणि ते पुष्कळ अवघड आहे. त्यातून गळ्यावरचे केस खाली वाढतात हा माझा समजच चुकीचा निघाला. तात्यांनी दोन दिवस दाढी वाढवायला लावली आणि मग बोटं फिरवून सांगितलं, डावीकडचे कानाकडे तिरके, उजवीकडचे वर, घाटीच्या खाली भोवरा. माझ्याच गळ्याखाली भोवरा, आणि पन्नास वर्षं मला पत्ता नाही. रेझरचं कसं असतं, तो सगळीकडून एकदाच नांगरून काढतो.

केसाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. माणसाचा केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो, तरी त्याने पातं बोथट होतं कसं, हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिलं. पातं हळूहळू झिजत जातं असा समज होता. त्यांना दिसलं ते असं, की केस वाकून तिरका आला आणि पोलादात नेमकी तिथे कच्ची जागा असली की धारेचा टवका उडतो. तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, “म्हणून तर आधी पाणी चोळायचं.”

त्यांना एकदा आणखी एक हकिकत सांगितली होती, कुठेतरी वाचलेली. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने ठरवलं, की विधवांची डोकी आपण भादरायची नाहीत. मला वाटलं, तात्या खूश होतील. त्यांनी पेपरची घडी घातली आणि थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणजे त्यांनी आपल्याच पोटावर पाय दिला की हो.” मग परत पेपर उघडला. बराच वेळ पान उलटलं नाही.

जूनमध्ये पाऊस लागला आणि वस्तऱ्यावर एका रात्रीत तांबूस ठिपके आले. हे जुनं पोलाद स्टेनलेस नव्हे. चिपळूणच्या पावसात तर माणसालाही गंज चढतो. आता दाढी झाली की पुसायचा, पट्ट्यावर चार हात, आणि खोबरेल तेलाचं बोट. विलायतेत पूर्वी सात वस्तऱ्यांची पेटी मिळायची, पाठीवर वारांची नावं कोरलेली, रोज वेगळा काढायचा म्हणजे धारेला आठवड्याची विश्रांती. आमच्या घरात सोमवारी करायची नाही, शनिवारी करायची नाही, आणि आईच्या हिशेबाने एकादशीलाही नाही. पाचात भागलं असतं.

बायकोचं म्हणणं एकच आहे, की बाथरूम पंचवीस मिनिटं अडतं. आता मी पाच वाजता उठतो. गाल, कल्ले आणि गळा वस्तऱ्याने होतात, सुलटे आणि मग बेताने उलटेसुद्धा. वरचा ओठ नाक चिमटीत धरून कसाबसा. हनुवटी मात्र अजून मला बधलेली नाही. तिथे हाड आहे, खळगा आहे, केस चारी दिशांना, आणि ताणायला कातडीच नाही. म्हणून तेवढी हनुवटी गुपचूप जुन्या रेझरने करतो. तो आरशामागे लपवून ठेवलेला आहे.

गेल्या रविवारी सलूनवरून जाताना तात्यांनी बाकावरूनच हाक मारली. जवळ गेलो तर “वाका” म्हणाले. मी भररस्त्यात वाकलो. त्यांनी बोटांची पाठ माझ्या गालावरून उलटी फिरवली, कानाखाली थांबले, मग गळ्यावरून वर आले.

“डावा गाल चांगला झालाय.” मग बोट हनुवटीवर आलं, एकदा इकडे, एकदा तिकडे.

“ही कुणाकडून करून घेतली?”