कागदावर १०४ टक्के, मग गोवर आला कुठून?

हा प्रश्न नेहमी येतो. अहवालात लसीकरण शंभराच्या वर आणि त्याच भागात गोवराची साथ, मग खोटं कोण बोलतंय? तुम्ही विचारलंत म्हणून सांगायचं तर बहुतेक वेळा कोणीच नाही. घोळ छेदात असतो.

अहवालातली टक्केवारी म्हणजे साधा भागाकार आहे. वर दिलेले डोस, खाली वर्षाखालची बालकं. डोस नोंदवहीतून येतात. बालकांचा आकडा मात्र बऱ्याचदा जुन्या जनगणनेला वाढीचा दर लावून काढलेला असतो. समजा कागदावर बालकं ४०० आणि गोवराचे डोस ४१६. झाले १०४ टक्के. जनगणनेनंतर येऊन वसलेली घरं मोजली तर बालकं निघाली ५२०, म्हणजे ८० टक्के. त्या डोसांतले २६ वर्षावरच्या किंवा शेजारच्या भागातल्या मुलांना गेलेले, ते वगळले की उरले ७५. त्यातही नवव्या महिन्यातला पहिला डोस साधारण ८५ टक्के मुलांनाच लागू पडतो. शेवटी खरं संरक्षण शंभरात ६४ जणांना. गोवर थोपवायचा तर दोन्ही डोस किमान ९५ टक्के मुलांपर्यंत पोचावे लागतात.

छेदावर भरवसा नसेल तेव्हा गळती पाहावी. गळती म्हणजे पहिला डोस घेऊन शेवटचा न घेतलेली मुलं. पेंटाचा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस ४५० जणांना, तिसरा ३६० जणांना, तर गळती २० टक्के. इथे लोकसंख्या लागतच नाही. १० टक्क्यांवर गेली की काहीतरी बिनसलंय असं धरतात. गळती उणे आली, म्हणजे तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त भरला, तर आधी नोंदवही तपासा. पण केंद्राची पायरीच न चढलेलं मूल या हिशेबात कुठेच दिसत नाही, आणि साथीला खरं इंधन तेच पुरवतं. त्यासाठी घरोघरी जाण्यावाचून गत्यंतर नाही.

सर्वेक्षणात सहसा १२ ते २३ महिन्यांची मुलं घेतात. कार्ड मागायचं आणि तारखा जशाच्या तशा उतरवायच्या, नुसती बरोबरची खूण करायची नाही. शक्य असेल तर कार्डाचा फोटोही घ्यावा. पुढच्या भेटीची तारीख पेन्सिलने लिहिलेली असते, तीच दिलेल्या डोसाची म्हणून उतरवली जाते. ही चूक फार होते. सगळ्या तारखा एकाच शाईत, एकाच हातच्या असतील तर कार्ड एका बैठकीत भरलेलं असू शकतं. सहा आठवड्यांच्या आत दिलेला पेंटा, दोन डोसांत चार आठवड्यांहून कमी अंतर, नऊ महिन्यांआधीचा गोवर, हे डोस वेगळे मोजायचे. पेंटाचा चौदाव्या आठवड्याचा तिसरा डोस दहाव्या महिन्यात मिळाला तरी टक्केवारीत पूर्ण गुण मिळतात. मधले महिने ते मूल डांग्या खोकल्यापुढे अर्धवट संरक्षणावर राहिलेलं असतं.

कार्ड नसेल तर आईच्या आठवणीवर जावं लागतं. ‘सगळ्या लसी झाल्या का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी मांडीत किती वेळा टोचलं, दंडावर टोचलं तेव्हा मूल बसायला लागलं होतं का, तोंडात थेंब केंद्रावर दिले की घरी येऊन, असं विचारावं. पोलिओ मोहिमेतले थेंब नियमित डोसांत मिसळले की आकडा उगाच फुगतो.

सर्वेक्षणाची जुनी रीत म्हणजे ३० ठिकाणं आणि प्रत्येकी ७ मुलं, एकूण २१०. एवढ्याने सगळ्या भागाचा अंदाज १० टक्के इकडेतिकडे मिळतो. एका वस्तीच्या सातांपैकी पाच म्हणून ‘७१ टक्के’ लिहिणं चूकच. पहिलं घर नशिबाने निवडून पुढे जवळचं दार वाजवत जायचं, ही त्या रीतीतली दुबळी जागा. जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची मार्गदर्शिका घरं आधीच यादीतून निवडायला सांगते, ते योग्यच आहे. कारण कुलूप दिसलं की पथक शेजारच्या घरात शिरतं. दिवसा कुलूप असतं ते मजुरीला गेलेल्यांच्या घराला, आणि लस चुकलेली मुलं तिथेच जास्त असतात. बदली घर घेतलं की टक्केवारी वाढते, पण लस कुणाला मिळालेली नसते. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, निदान तीन फेऱ्या मारा. तरीही कुलूप असेल तर ‘भेट झाली नाही’ असंच लिहा.

रक्त तपासून पाहता येत नाही का, असंही विचारतात. येतं, पण गोवराची प्रतिपिंडं (रक्तातले रोगाशी लढणारे घटक) लसीमुळे आली की आजारामुळे, हे त्यातून कळत नाही. धनुर्वातात ती अडचण नाही, कारण तो आजार होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. प्रतिपिंडं दिसली तर ती लसीचीच. तान्ह्या बाळात मात्र ती आईकडूनही आलेली असतात, म्हणून वय पाहून नमुना घ्यायचा.

पैसा आणि दिवस दोन्ही तुटपुंजे असतील तर नदीपलीकडची, वीटभट्टीची, नव्या झोपड्यांची, अशी सर्वात संशयास्पद वस्ती निवडा आणि वीसेक मुलं पाहा. त्यावरून टक्केवारी काढू नका. लस नसलेल्या प्रत्येक मुलामागे एकच कारण लिहा: वार माहीत नव्हता, गेलो तर लस संपली होती, मूल आजारी म्हणून परत पाठवलं, की घरचे नको म्हणाले. चारही कारणांवर उपाय वेगळा आहे, आणि शेवटचं सोडलं तर बाकी तिन्ही केंद्रानेच निस्तरायची आहेत.